मॉड्यूल आपोआप चढत नसेल तर नाव डकवू नका, साखळी तपासा

प्रश्न थोडक्यात असा: कारखान्यातल्या एका तपासणी-यंत्राला डेबियन लिनक्सवर चालणारा संगणक जोडलेला आहे आणि त्यात घरच्याच टीमने एफपीजीएवर (हवं तसं सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) बनवलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड आहे. ‘एलएसपीसीआय’च्या यादीत कार्ड दिसतं. हाताने ‘मॉडप्रोब’ चालवलं की ड्रायव्हर चढतो, काम सुरू होतं. रिबूट केलं की पुन्हा हाताने. कुणीतरी सांगितलं म्हणून /ईटीसी/मॉड्यूल्स या फाइलमध्ये मॉड्यूलचं, म्हणजे कर्नलमध्ये चढवायच्या त्या ड्रायव्हर-फाइलचं, नाव टाकलं. ते तीन महिने चाललं, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला आणि तेही बंद पडलं. शेजारच्या नेटवर्क कार्डासाठी मात्र कुणी कधी एक ओळ लिहिलेली नाही, ते दर वेळी आपसूक चालू होतं. कर्नल हा पंक्तिप्रपंच का करतो?

करत नाही. ड्रायव्हर शोधून आणायचं काम मुळात कर्नलकडे नाहीच, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. नवं उपकरण दिसलं की कर्नल फक्त दवंडी पिटतो, ‘अमक्या ओळखीचं कुणीतरी आलंय’. ती दवंडी ऐकणारा, यादी उघडून नाव शोधणारा आणि मॉड्यूलची फाइल कर्नलच्या हातात नेऊन देणारा कर्नलच्या बाहेर, यूजरस्पेसमध्ये बसलेला असतो. तुमच्या कार्डाची दवंडी व्यवस्थित पिटली जाते. यादीत तुमच्या ड्रायव्हरचं नाव नाही, एवढंच. कर्नल अपडेटनंतर झालं ते वेगळं दुखणं आहे. दोन्ही सांगतो. (आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत देतोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

आधी चालणाऱ्या कार्डाकडे जवळून बघू. समजा ते रिअलटेकचं नेहमीचं गिगाबिट कार्ड आहे. प्रत्येक पीसीआय उपकरणाच्या कॉन्फिगरेशन स्पेसमध्ये अगदी सुरुवातीला दोन बाइट वेंडरचा क्रमांक आणि पुढचे दोन बाइट उपकरणाचा क्रमांक असतो. रिअलटेकचा वेंडर क्रमांक १०ईसी, या कार्डाचा ८१६८. (इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतलाय. ज्यांनी त्या प्रोसेसरवर असेंब्ली शिकली त्यांना ‘एलएसपीसीआय -एन’ बघताना दर वेळी गंमत वाटते.) बूट होताना पीसीआयचा गाभा हे क्रमांक वाचतो आणि सिसएफएसमध्ये (कर्नलकडची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या झाडात) त्या उपकरणाची एक डिरेक्टरी उघडतो. तिच्यात ‘मॉडएलियास’ नावाची फाइल असते. ‘कॅट’ करून बघितली तर एकच ओळ दिसते. वाचायला सोपं जावं म्हणून मी मध्ये जागा सोडतोय, प्रत्यक्षात ती सलग असते:

पीसीआय: व्ही००००१०ईसी डी००००८१६८ एसव्ही००००१०४३ एसडी००००८५०५ बीसी०२ एससी०० आय००

व्ही म्हणजे वेंडर, डी म्हणजे डिव्हाइस. एसव्ही आणि एसडी हे ज्याने तो चिप आपल्या बोर्डावर बसवला त्याचे क्रमांक. बीसी ०२ म्हणजे नेटवर्क वर्गातलं उपकरण, एससी ०० म्हणजे त्यातलं इथरनेट. हा त्या कार्डाचा पूर्ण पत्ता झाला. कार्ड दिसताच कर्नल हीच ओळ ‘यूइव्हेंट’ नावाच्या संदेशात घालून नेटलिंक सॉकेटवर, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमांशी बोलायच्या वाहिनीवर, सोडतो.

दुसऱ्या बाजूला ‘सिस्टमडी-यूडेव्हडी’ (थोडक्यात यूडेव्ह) कान लावून बसलेला असतो. त्याच्या नियमांमध्ये ८०-ड्रायव्हर्स नावाची छोटीशी फाइल आहे. तिचा मतलब एवढाच की संदेशात मॉडएलियास असेल तर तो मॉड्यूलं हाताळणाऱ्या केमॉडकडे द्या आणि जुळेल ते मॉड्यूल चढवा. केमॉडची लायब्ररी मग /लिब/मॉड्यूल्स/ खाली, चालू कर्नलच्या आवृत्तीच्या डिरेक्टरीत ‘मॉड्यूल्स.एलियास’ची यादी बघते. (वेगासाठी तिचं बायनरी रूप वापरते, मजकूर तोच.) तिथे ही ओळ सापडते:

एलियास पीसीआय: व्ही००००१०ईसी डी००००८१६८ एसव्ही* एसडी* बीसी* एससी* आय* आर८१६९

जिथे फुली आहे तिथे काहीही चालतं. ओळ जुळली, आर८१६९ हे नाव मिळालं, ‘मॉड्यूल्स.डेप’मधून त्याला आधी काय लागतं ते कळलं, त्या क्रमाने फाइली कर्नलमध्ये गेल्या. एवढीच जादू आहे.

फुल्या कुठे टाकल्यात यावरून ड्रायव्हरचा स्वभाव कळतो. एनव्हीएमईच्या ड्रायव्हरने वेंडर आणि डिव्हाइस दोन्ही जागी फुली ठेवली आहे आणि फक्त वर्ग पकडलाय: बीसी ०१, एससी ०८, आय ०२. म्हणून काल बाजारात आलेली, कुठल्याही कंपनीची एनव्हीएमई डिस्क पाच वर्षं जुन्या कर्नलवरही बहुधा चालते. नेटवर्क कार्डांना असं भाग्य नाही, कारण प्रत्येक चिपचे रजिस्टर वेगळे. तिथे क्रमांक यादीत नसेल तर ड्रायव्हर जवळजवळ तोच असूनही कार्ड नुसतं बसून राहतं.

आता कळीचा मुद्दा. ‘मॉड्यूल्स.एलियास’ ही यादी कुणी हाताने लिहीत नाही. ड्रायव्हरच्या सी फाइलमध्ये आयडींचं एक टेबल असतं आणि त्या टेबलाचा वापर दोनदा, दोन वेगळ्या ठिकाणी होतो. पहिला वापर कर्नलच्या आत. मॉड्यूल चढल्यावर ते स्वतःची नोंद पीसीआय बसकडे करतं, बस त्याचं टेबल आणि समोरची उपकरणं ताडून बघते आणि जुळलं तर उपकरण ताब्यात घेणारं ‘प्रोब’ फंक्शन बोलावते. दुसरा वापर बाहेरच्या जगासाठी. टेबलाखाली ‘मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल’ हा मॅक्रो लिहिला असेल, तर बिल्ड होताना ‘मॉडपोस्ट’ त्या टेबलाचं वर दाखवलं तसं मजकुरात रूपांतर करतो आणि मॉड्यूलच्या फाइलीतच माहितीच्या विभागात ठेवून देतो. पुढे ‘डेपमॉड’ सगळ्या मॉड्यूलांमधला हा मजकूर गोळा करून यादी बनवतो.

मॅक्रो विसरला तर काय होतं? पहिला वापर ठणठणीत राहतो, दुसरा गायब होतो. कंपाइलर तक्रार करत नाही, मॉडप्रोब तक्रार करत नाही, हाताने चढवलं की प्रोब झकास चालतो. फक्त आपोआप चढत नाही. तुमचं वर्णन मी वाचलं तेव्हा पहिला संशय हाच आला, आणि पैजेवर सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा हेच निघतं. नव्या माणसाने जुन्या ड्रायव्हरवरून नकलून काढलेलं असतं. टेबल नकललेलं असतं, त्याखालची एक ओळ राहिलेली असते.

खात्री करायला अर्धा मिनिट लागतो. ‘मॉडइन्फो’ला तुमच्या मॉड्यूलचं नाव द्या. ‘एलियास’ने सुरू होणारी ओळ दिसली नाही तर विषय संपला. दुसरी खूण मला त्याहून आवडते, कारण ती उपकरणाच्या बाजूने बघते: ‘एलएसपीसीआय -एनएनके’. तुमच्या कार्डाखाली दोन ओळी येऊ शकतात. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ म्हणजे आत्ता या क्षणी कार्ड कुणाच्या ताब्यात आहे. ‘कर्नल मॉड्यूल्स’ म्हणजे यादीप्रमाणे कोण कोण त्याच्यावर हक्क सांगतं. ही दुसरी ओळ एलएसपीसीआय त्याच एलियास-यादीतून काढतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. हाताने मॉड्यूल चढवल्यावर तुमच्याकडे पहिली ओळ दिसेल आणि दुसरी दिसणार नाही. ड्रायव्हर चालतोय आणि यादीला त्याचा पत्ता नाही, ही या दोषाची अगदी सही-शिक्क्यानिशी ओळख.

उपाय एका ओळीचा आहे. टेबलाच्या लगेच खाली मॅक्रो लिहा: पहिल्या जागी ‘पीसीआय’, दुसऱ्या जागी तुमच्या टेबलाचं नाव. पुन्हा बिल्ड करा, ‘मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ने बसवा, ‘डेपमॉड -ए’ चालवा. फाइल नुसती कॉपी करून आणि ‘इन्समॉड’ने चढवून काम भागवत असाल तर ती सवय सोडा. इन्समॉड यादी बघत नाही, अवलंबित्वं बघत नाही, तो हमालासारखा दिलेली फाइल उचलून आत टाकतो.

एफपीजीए कार्डांबाबत एक सावधगिरी. बरेच जण डिझाइन टूलने दिलेला वेंडर क्रमांक तसाच ठेवतात. झायलिंक्सच्या चिपवर असाल तर तो १०ईई असतो. ‘आपलं एकच तर कार्ड आहे’ म्हणून टेबलात वेंडर १०ईई आणि डिव्हाइसच्या जागी फुली टाकू नका. उद्या त्याच यंत्रात दुसऱ्या कुणाचं झायलिंक्सवालं कार्ड बसलं की तुमचा ड्रायव्हर त्याच्याही गळ्यात पडेल, आणि तुमचा प्रोब त्याच्या रजिस्टरांमध्ये काय लिहून ठेवेल ते देव जाणे. निदान सबसिस्टमचे दोन क्रमांक (वरचे एसव्ही आणि एसडी) स्वतःचे ठेवा, त्यांच्यासकट टेबल लिहा आणि प्रोबच्या सुरुवातीला कार्डावरचं एखादं ओळख-रजिस्टर वाचून ते आपलंच आहे ना हे बघा. पत्रिका जुळली म्हणजे लग्न लागलं असं नाही. प्रोबने नकार द्यायची सोय आहे ती याचसाठी.

एका ग्राहकाकडे मी असंच कार्ड बघितलं होतं. तिथे तर दोन दोष एकावर एक बसले होते. मॅक्रो नव्हता, शिवाय एफपीजीएला स्वतःचं डिझाइन फ्लॅशमधून वाचायला इतका वेळ लागायचा की बायोस आणि कर्नल पीसीआय बस तपासून पुढे गेलेले असायचे. कार्ड कधी दिसायचं, कधी नाही. तिथल्या मुलांनी स्टार्टअप स्क्रिप्ट लिहिली होती: दहा सेकंद झोप, पीसीआयचं पुन्हा स्कॅन, मग मॉडप्रोब. मी गेलो तोवर दहाचे तीस सेकंद झाले होते, आणि तरीही सोमवारी सकाळी थंड मशीनवर कधीकधी चुकायचं. मॅक्रो टाकल्यावर त्या स्क्रिप्टमधली मॉडप्रोबची ओळ गेली. कारण स्कॅनमध्ये कार्ड जेव्हा केव्हा सापडेल तेव्हा दवंडी पिटली जाणारच आणि यूडेव्ह मॉड्यूल चढवणारच. वेळ मोजत बसायची गरज उरली नाही. मूळ दुखणं, म्हणजे फ्लॅशचा वेग, त्यांनी पुढच्या बोर्डात सुधारलं.

इथे एक शंका येते: बूट होताना पीसीआयची तपासणी यूडेव्ह जागा व्हायच्या आधीच उरकते, मग त्या दवंड्या ऐकतो कोण? कुणीच नाही. म्हणून यूडेव्ह सुरू झाल्यावर सिसएफएसमधल्या प्रत्येक उपकरणाच्या ‘यूइव्हेंट’ फाइलमध्ये ‘अ‍ॅड’ हा शब्द लिहिला जातो आणि कर्नल ती दवंडी पुन्हा पिटतो. ‘यूडेव्हअ‍ॅडम ट्रिगर’ हे काम करतं. हीच सोय वापरून रिबूट न करता चाचणी घेता येते, ती शेवटी सांगतो.

आमच्या सुरुवातीच्या काळात यातलं काहीच नव्हतं. पीसीआयच्या आधीच्या आयसा बसवरच्या एनई२००० नेटवर्क कार्डाला स्वतःची ओळख सांगायचीच सोय नव्हती. कॉन्फ.मॉड्यूल्स फाइलमध्ये ‘इथ०’ म्हणजे अमुक ड्रायव्हर असं लिहायचं, पत्ता ०एक्स३००, इंटरप्ट अमुक, आणि चुकला की मशीन गोठायचं. १९९९च्या २.२ कर्नलमध्ये मॉड्यूल आपोआप यायचं ते कुणी मागितल्यावर. उपकरण दिसलं म्हणून नव्हे. २००१च्या २.४मध्ये हॉटप्लग आलं, दर घटनेला एक स्क्रिप्ट. यूडेव्ह २००३चा. /ईटीसी/मॉड्यूल्समध्ये नाव टाकायचा सल्ला त्या जुन्या काळाची आठवण आहे. तो देणारा माणूस खोटं बोलत नाही, फक्त वीस वर्षं मागे आहे.

तरी ती फाइल निरुपयोगी नाही. ज्या हार्डवेअरला अजूनही ओळख सांगता येत नाही तिथे तीच वापरायची. मदरबोर्डावरच्या सुपर आयओ चिपमधले तापमान आणि पंख्याचे सेन्सर घ्या. ‘एनसीटी६७७५’ किंवा ‘आयटी८७’ हे ड्रायव्हर आपोआप चढत नाहीत, कारण ती चिप कुठल्याच बसवर हजेरी लावत नाही. ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ शोधून शेवटी विचारतो, नाव /ईटीसी/मॉड्यूल्समध्ये टाकू का, आणि तिथे ‘हो’ म्हणायचं. ‘आय२सी-डेव्ह’चंही तसंच, त्याच्यामागे कुठलं उपकरण नाही, ती नुसती खिडकी आहे. पण पीसीआय किंवा यूएसबीवरच्या उपकरणासाठी तिथे नाव टाकावं लागत असेल तर काहीतरी तुटलंय आणि आपण त्यावर चिकटपट्टी लावतोय असं समजा.

आता दुसरं दुखणं, कर्नल अपडेटचं. /लिब/मॉड्यूल्स/ खाली प्रत्येक कर्नल आवृत्तीची स्वतंत्र डिरेक्टरी असते आणि तुमचं मॉड्यूल जुन्या डिरेक्टरीत राहिलं. नवा कर्नल नव्या डिरेक्टरीत बघतो. उचलून तिकडे ठेवलंत तर ‘इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असं उत्तर मिळेल, कारण मॉड्यूलमध्ये ते कोणत्या कर्नलसाठी बनलं याची मोहर असते आणि ती जुळत नाही. जबरदस्तीने चढवायचा पर्याय आहे, पण उत्पादनातल्या यंत्रावर त्याच्या वाटेला जाऊ नका. डीकेएमएस वापरा, तो प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल नव्याने बिल्ड करतो. सोर्स /यूएसआर/एसआरसी/ खाली ठेवायचा, ‘डीकेएमएस.कॉन्फ’ लिहायचं, त्यात ‘ऑटोइन्स्टॉल’ चालू ठेवायचं. मग दर नव्या कर्नलबरोबर मॉड्यूल आपोआप बिल्ड होतं आणि डेपमॉडही चालतो.

त्यात एक खड्डा आहे, ज्यात मी स्वतः पडलोय. डीकेएमएसला बिल्ड करायला नव्या कर्नलचे हेडर लागतात. हेडरचं पॅकेज विशिष्ट आवृत्तीचं बसवलं असेल, तर पुढच्या अपडेटला कर्नल येतो, हेडर येत नाहीत, डीकेएमएस एक ओळ पुटपुटून गप्प बसतो, आणि रात्रीच्या अपडेटमध्ये ती ओळ वाचायला कुणीच नसतं. डेबियनवर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे मेटापॅकेज बसवा, म्हणजे दोघं जोडीने येतात. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर सही हवी आणि त्या सहीची किल्ली ‘मोकयूटिल’ने मशीनमध्ये नोंदवलेली हवी, नाहीतर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं जरा गूढ उत्तर येतं. कुठली सर्व्हिस, कुणाची की, सांगत नाही.

याच डिरेक्टरीच्या गणितातून आणखी एक गंमत होते. आर्च लिनक्सवर कर्नल अपडेट केला की जुन्या आवृत्तीची डिरेक्टरी काढून टाकली जाते, पण चालू असतो तो जुनाच कर्नल. त्यानंतर रिबूट न करता पेनड्राइव्ह लावला तर ‘व्हीफॅट’ नावाची फाइलसिस्टिम माहीत नाही असं म्हणतो. लोक पेनड्राइव्हला दोष देतात, केबल बदलतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रिबूट करा, एवढंच औषध.

उलटी तक्रारही येते: नको असलेलं मॉड्यूल चढतंच, ब्लॅकलिस्ट करूनही. ‘ब्लॅकलिस्ट’ या शब्दाचा अर्थ लोकांना वाटतो तेवढा कडक नाही. तो फक्त एवढंच सांगतो की या मॉड्यूलच्या आत लिहिलेले एलियास विचारात घेऊ नका. म्हणजे उपकरण बघून ते आपोआप येणार नाही. पण दुसऱ्या कुठल्या मॉड्यूलला ते लागत असेल किंवा कुणी नाव घेऊन मॉडप्रोब केलं तर खुशाल येतं. दार खरंच बंद करायचं तर मॉडप्रोबच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘इन्स्टॉल’, मॉड्यूलचं नाव आणि ‘/बिन/फॉल्स’ अशी ओळ लिहावी लागते. आणि एवढं करूनही ‘नूव्हो’सारखं मॉड्यूल चढलेलं दिसलं तर इनिटरॅमएफएस बघा. बूटच्या सुरुवातीची ती छोटी फाइलसिस्टिम स्वतःची कॉन्फिगरेशन आणि स्वतःची मॉड्यूलं घेऊन येते, आणि तिच्यात तुमची जुनीच फाइल असते. ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवायचं राहिलेलं असतं. फेडोरावर ‘ड्रॅकट -एफ’.

इनिटरॅमएफएसने मला एकदा अख्खी रात्र जागवलीय. जागा आणि वेळ वाचवायला कुणीतरी त्याच्या सेटिंगमध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’चं ‘डेप’ केलं होतं, म्हणजे याच मशीनला लागणारी मॉड्यूलं भरा, बाकीची नकोत. मशीनचा मदरबोर्ड गेला, एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावली, आणि बूट होताना पडद्यावर आलं की अमुक यूयूआयडीची डिस्क अस्तित्वात नाही, शेल देतोय. डिस्क समोर होती. नव्या मशीनच्या स्टोरेज कंट्रोलरचं मॉड्यूल त्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये नव्हतं. ते होतं डिस्कवर, जी वाचायला तेच मॉड्यूल हवं. पेटीची किल्ली पेटीतच. शेवटी लाइव्ह यूएसबीने बूट करून, ‘सीएचरूट’ करून इनिटरॅमएफएस नव्याने बनवली. राखीव मशीन ठेवणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, ‘मोस्ट’ राहू द्या. वाचलेले मेगाबाइट त्या रात्रीच्या मोलाचे नाहीत.

यूएसबीची साखळी हीच, पण पत्ता दर इंटरफेसचा वेगळा असतो. एका हेडसेटमधून आवाजाचा एक आणि बटणांचा दुसरा अशा दवंड्या निघतात, त्यातून ‘एसएनडी-यूएसबी-ऑडिओ’ आणि ‘यूएसबीहिड’ दोन्ही येतात. तिथलं एक प्रकरण माहीत असू द्या, कारण कारखान्यात आणि कॉलेजच्या लॅबमध्ये सीएच३४० चिपवाले स्वस्त सीरियल बोर्ड पोत्याने असतात. क्रमांक १ए८६:७५२३, मॉड्यूल ‘सीएच३४१’. उबुंटू २२.०४वर हा बोर्ड लावला की मॉड्यूल बरोबर चढतं, ‘टीटीवाययूएसबी०’ क्षणभर दिसतं आणि नाहीसं होतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ‘बीआरएलटीटीवाय’चं नाव असतं. हा अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल पडद्यांसाठीचा प्रोग्रॅम. काही ब्रेल पडद्यांतही हीच चिप असते, म्हणून त्याच्या यूडेव्ह नियमांनी हा क्रमांक आपला मानला आणि बोर्ड ड्रायव्हरच्या हातून काढून घेतला. ब्रेल पडदा वापरत नसाल तर पॅकेज काढून टाका, वापरत असाल तर नियमातली फक्त ती ओळ बंद करा. ड्रायव्हर पुन्हापुन्हा बिल्ड करण्यात दिवस घालवलेले लोक मी पाहिलेत.

एआरएम बोर्डावर डिव्हाइस ट्रीने (बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनाने) काम करणाऱ्यांना वेगळा फटका बसतो. तिथे पीसीआयसारखे क्रमांक नसतात, ‘कंपॅटिबल’ नावाची अक्षरओळ असते. लोक ड्रायव्हरमध्ये त्या ओळींचं टेबल लिहितात, मॅक्रोही टाकतात, मॉडइन्फोत एलियास दिसतो, तरी एसपीआय बसवरच्या सेन्सरचं मॉड्यूल चढत नाही. कारण एसपीआयचा गाभा दवंडी पिटताना पत्ता ‘ओएफ:’ने नाही, ‘एसपीआय:’ने सुरू करतो, आणि कंपॅटिबलमधला कंपनीचा भाग गाळून फक्त मागचं नाव सांगतो. म्हणून डिव्हाइस ट्रीच्या टेबलासोबत जुन्या पद्धतीचं एसपीआय आयडीचं टेबलही द्यावं लागतं, त्याच्या स्वतःच्या मॅक्रोसह. अलीकडचे कर्नल असं टेबल नसेल तर लॉगमध्ये इशारा देतात. तो दिसला तर दुर्लक्ष करू नका.

मॉड्यूल यायची दुसरी वाटही आहे, हार्डवेअरशी संबंध नसलेली. कुणी फाइलसिस्टिम माउंट केली, कुणी न चढलेल्या प्रोटोकॉलचं सॉकेट मागितलं, तर कर्नल स्वतःच ‘रिक्वेस्ट_मॉड्यूल’ करतो, म्हणजे यूजरस्पेसमधला मॉडप्रोब चालवतो. वर पेनड्राइव्हच्या गोष्टीतलं व्हीफॅट याच वाटेने येतं. इथे सुरक्षेचा प्रश्न आहे, कारण साधा वापरकर्ताही सॉकेट मागू शकतो आणि त्याच्या मागण्यावरून फारसा कुणी न तपासलेला कोड कर्नलमध्ये येतो. फेब्रुवारी २०१७मध्ये आंद्रे कोनोवालोव्हने डीसीसीपी प्रोटोकॉलमधला दोष दाखवला, सीव्हीई-२०१७-६०७४. हा नेटवर्क प्रोटोकॉल क्वचितच कुणी वापरला असेल, पण मॉड्यूल जवळपास सगळीकडे होतं आणि मागितलं की चढत होतं. तुमचं यंत्र कारखान्याच्या नेटवर्कवर असेल तर न लागणाऱ्या प्रोटोकॉलांना वरची ‘/बिन/फॉल्स’वाली ओळ लावून ठेवा. यंत्रात बूटनंतर नवं काहीच जोडलं जाणार नसेल तर ‘कर्नल.मॉड्यूल्स_डिसेबल्ड’ एकवर ठेवता येतं. मग पुढच्या रिबूटपर्यंत कुठलंच मॉड्यूल चढत नाही, तुम्ही रूट असलात तरी. घाईने करू नका. मी एकदा ते केल्यावर पंधरा मिनिटांनी पेनड्राइव्ह लावायला गेलो होतो.

आता तुमच्या कार्डाकडे परत. मॅक्रो टाकून, बिल्ड करून, बसवून, डेपमॉड चालवून झालं की आधी /ईटीसी/मॉड्यूल्समधली तुमची ओळ काढा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. मग कार्डाच्या मॉडएलियास फाइलमधली ओळ जशीच्या तशी ‘मॉडप्रोब -आर’ला द्या, आर मोठा, लहान नव्हे. मोठा आर फक्त त्या पत्त्याला कोणतं मॉड्यूल जुळतं ते सांगतो, लहान आर मॉड्यूल उतरवतो. तुमच्या मॉड्यूलचं नाव आलं तर यादी बरोबर झाली. नाव एकाऐवजी दोन आली तर थांबा आणि दुसरं कोण आहे ते बघा. यूडेव्ह दोन्ही चढवेल आणि जो आधी नोंद करेल त्याच्या हाती कार्ड जाईल. आज एक, उद्या दुसरा.

नाव एकच आलं तर ‘आरएममॉड’ने मॉड्यूल उतरवा. एका टर्मिनलवर ‘यूडेव्हअ‍ॅडम मॉनिटर’ला ‘--प्रॉपर्टी’ लावून चालू ठेवा आणि दुसऱ्यावरून कार्डाच्या सिसएफएस डिरेक्टरीतल्या यूइव्हेंट फाइलमध्ये रूट म्हणून ‘अ‍ॅड’ लिहा. मॉनिटरवर घटना दोनदा दिसेल, एकदा ‘कर्नल’च्या नावाने आणि एकदा ‘यूडेव्ह’च्या. कर्नलची दिसली आणि यूडेव्हची नाही, तर नियमांमध्ये गडबड आहे. दोन्ही दिसल्या, ‘एलएसमॉड’मध्ये मॉड्यूल आलं, पण एलएसपीसीआयमध्ये ‘ड्रायव्हर इन यूज’ रिकामं, तर साखळी संपली आणि दोष तुमच्या प्रोबमध्ये आहे. तेव्हा डीमेसेज वाचा, तिथे उणे चिन्हाचा एरर क्रमांक असेल. उणे दोन असेल आणि ड्रायव्हर फर्मवेअरची फाइल मागत असेल तर ती /लिब/फर्मवेअरमध्ये आहे का ते बघा. वायफायवाल्यांची निम्मी रडगाणी इथेच निघतात: मॉड्यूल चढलेलं असतं, फर्मवेअर नसतं.

हे सगळं जमलं तर मग रिबूट करा, आणि एकदा मुद्दाम जुन्या कर्नलमध्येही बूट करून बघा, म्हणजे डीकेएमएसने दोन्हीकडे मॉड्यूल बसवलंय याची खात्री होईल. नाही जमलं तर ‘एलएसपीसीआय -एनएनके’मधला तुमच्या कार्डापुरता तुकडा, मॉडइन्फोचं पूर्ण आउटपुट आणि ड्रायव्हरमधलं आयडीचं टेबल, एवढ्या तीन गोष्टी पाठवा. बाकी लॉग आत्ता नको.